कथाबीज आहे, पण कथा दीड परिच्छेदातच अडते. तुम्ही सुरुवात कशी करता?

रानजाई
नमस्कार मंडळी. एक कल्पना बरेच दिवस डोक्यात घोळतेय. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी खाली गेलं की बुडालेली गावं उघडी पडतात, हे तुम्हाला माहीत असेलच. पळसदेवचं देऊळ तर फोटोसकट पेपरात येतं. माझं गाव काल्पनिक आहे. त्या गावात लग्न होऊन आलेली एक बाई, पारूआजी. गाव उठलं तेव्हा ती पंचविशीची होती, आता सत्तरी ओलांडलीय. पाणी ओसरल्याचं कानावर येतं आणि ती नातवाला म्हणते, मला आपलं घर दाखव. बस्स, एवढंच.

सुचलं तेव्हा वाटलं, झालीच की कथा! पण लिहायला बसले की दीड परिच्छेदात गाडी थांबते. ते दोघं तिथे जातात, ती बघते, तिला रडू येतं... आणि मग? पहिला परिच्छेद इतक्यांदा खोडलाय की तो आता तोंडपाठ आहे.

लिहिणाऱ्या मंडळींना विचारायचंय, की तुम्ही कल्पनेपासून पुढे कसे सरकता? आधी आराखडा करता की थेट लिहायला घेता? शेवट ठाऊक असतो का?

आळशी_मांजर
छान धागा. वाचतेय. माझीही हीच अडचण, फक्त माझ्याकडे कल्पनासुद्धा नाही. वर टंकाळा (टाइप करायचा कंटाळा) आहेच.

बोरूबहाद्दर
आराखडाबिराखडा काही नसतो हो. आतून आलं की आपोआप उतरतं. येईपर्यंत वाट बघायची. आराखडा करून घर बांधतात, कथा नाही.

खडूस_काका
बोरूबहाद्दर, वाट बघण्यात माझी बारा-पंधरा वर्षं गेली, आतून फक्त ढेकर आले.

रानजाई, रागावू नका, पण ही कथा मी वाचलेली आहे. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात ती दर वर्षी सापडते. धरणाच्या जागी गिरणी घाला, चाळ घाला, गावाकडचा वाडा घाला. म्हातारं माणूस जुन्या जागी जातं, भिंतीवरून हात फिरवतं, डोळे पुसतं, नातू गप्प होतो, समाप्त. तुमच्याकडे आहे ते दृश्य आहे, आणि चांगलं आहे. पण त्यात कोणाचं काही अडलेलं नाही. आजीला घर बघायचंय, नातवाने दाखवलं. काम झालं, रिक्षा करून परत या. कोणाचं काय अडलंय ते सांगा, मग पुढे बोलू.

रानजाई
काका, ते "रिक्षा करून परत या" जिव्हारी लागलं! पण अडलंय म्हणजे भांडण पाहिजे का? मला शांत कथा लिहायची आहे. आरडाओरडा नकोय.

मुद्रितशोधक
शांत कथेतही काहीतरी अडलेलंच असतं, फक्त कोणी ओरडून सांगत नाही. मी वीसेक वर्षं दिवाळी अंकांची मुद्रितं तपासतोय, त्यावरून एक प्रश्न विचारतो. धरण १९८० साली पूर्ण झालं. तेव्हापासून किती तरी उन्हाळ्यांत पाणी तळाला गेलं असेल. मग तुमची आजी आजवर का गेली नाही? आणि यंदाच का निघाली?

याचं उत्तर मनात देऊ नका, कागदावर लिहा. एक नाही, चार-पाच लिहा. पहिलं उत्तर बहुतेक "मरायच्या आधी एकदा बघायचं होतं" असं येईल. ते सोडून द्या, ते सगळ्यांनाच सुचतं. तिसऱ्या-चौथ्या उत्तरापाशी तुम्हाला स्वतःलाच जरा अवघडल्यासारखं होईल. तिथे थांबा.

दुसरं, तो नातू. त्याला सुट्टी आहे, गाडी आहे, आजीवर माया आहे. इतका रिकामा माणूस कथेत काही कामाचा नाही. तिला घेऊन जाण्यात त्याचं काहीतरी जायला हवं.

अर्धा_कप
मुद्रितशोधकांना पूर्ण अनुमोदन. भर एवढीच की आधी सगळ्यांची वयं आणि सालं एका कागदावर मांड. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातूनच गोष्ट हाताला लागते. धरणाचं काम १९६९ ला सुरू झालं, म्हणजे गाव उठणार हे लोकांना वर्षानुवर्षं माहीत होतं. तुझी आजी सून म्हणून आली तेव्हाच ते गाव बुडणार होतं! बुडणाऱ्या गावात मुलगी कोणी आणि का दिली? गाव उठलं तेव्हा मुलं केवढी होती? एखाद्याला जुनं घर आठवत असेल, धाकट्याला नसेल. हे माझं मला सुचलेलं नाही, नुसती वजाबाकी केली.

आणि सांगतंय कोण? नातू "मी" म्हणून सांगणार असेल तर आजीच्या मनातलं त्याला कळणार नाही. ती अडचण समजू नकोस, सोय समज.

भिगवणकर
ताई, मी याच पाण्याच्या काठचा. लिहिण्यातलं मला कळत नाही, पण दोन गोष्टी सांगतो.

एक, घर दिसणार नाही. गाव उठताना लोकांनी वासे, दारं, चौकटी, पत्रे सगळं काढून नेलं. चांगला दगडसुद्धा सोडला नाही. राहिल्या त्या मातीच्या भिंती, त्या पहिल्या पावसाळ्यातच विरघळल्या. आता दिसतं ते दगडी जोतं, विहिरीचं कडं, देऊळ. त्यावरही गाळ. आपलं जोतं कुठलं हे ओळखायचं तर देवळापासून अंदाज बांधत यावं लागतं. म्हणजे भिंतीवरून हात फिरवायचं काही जमणार नाही.

दुसरं, तुम्ही शहरातली माणसं समजता तसं तिथं सुनसान नसतं. पाणी मागं सरकलं की मागोमाग लोक गाळपेर करतात. मका, कडवळ, काय येईल ते. मोटारी रोज खाली सरकवायच्या, केबल जोडायची, पाइप वाढवायचे. पाणी लांब गेलं तर चारी खोदून मोटारीपर्यंत आणायचं. वर ड्रोन उडवणारे हौशी लोक. जमीन सरकारची, गाळपेराला मूळ मालकाला आधी विचारतात, पण प्रत्यक्षात कुणी कुठं पेरलं यावरून बोलाचाली होतेच.

रानजाई
भिगवणकर, खूप खूप आभार. म्हणजे आजी घर बघायला जाते आणि तिच्या घराच्या जागी कोणाचा तरी मका उभा आहे?

खडूस_काका
आता कशी बोललात! कोणाचा मका?

आळशी_मांजर
कोणाचा मका? (पॉपकॉर्न घेऊन बसलेय. तेही मक्याचंच.)

निवृत्त_कारकून
उशिरा येतोय. माझी नोकरीची बरीच वर्षं पुनर्वसन शाखेत गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे धरणावर जे लिहिलं जातं त्यात पाणी, देऊळ, अश्रू भरपूर असतात, कागद नसतो. आणि बुडीत गावातल्या घरांचं पुढचं सगळं आयुष्य कागदावर चालतं. संकलन रजिस्टरला, म्हणजे बाधित कुटुंबांच्या नोंदवहीला, कुटुंबप्रमुख म्हणून बापाचं नाव. त्यावरून मिळतो प्रकल्पग्रस्ताचा दाखला. वर्ग तीन-चारच्या सरकारी नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण दाखल्याचा फायदा घरातल्या एकालाच. एकाला नोकरी लागली की त्या घराचा दाखला संपला. घरात मुलगे दोन असोत की पाच.

टेबलासमोर दोघे भाऊ उभे आणि मागे बाकावर आई बसलेली, हे मी किती वेळा पाहिलंय त्याची गणती नाही. दाखला कोणाच्या नावे करायचा याला घरातल्या बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. बाप हयात नसेल तर आईचा अंगठा फार महत्त्वाचा. बऱ्याचदा घरात असं ठरायचं, की थोरल्याने शेती बघायची आणि धाकटा शिकलाय म्हणून त्याला दाखला. धाकटा लागतो नोकरीला, पुण्याला फ्लॅट घेतो, आईला नेतो. थोरला राहतो मिळालेल्या मुरमाड तुकड्यावर. पुढच्या पिढीत थोरल्याची मुलं विचारतात, आमचा दाखला कुठाय?

तुमची आजी कोणाकडे राहते? आणि तिने अंगठा कोणाच्या कागदावर दिला होता?

मुद्रितशोधक
कारकूनसाहेब, उभं राहून टाळ्या.

रानजाई
अंगावर काटा आला. रात्रभर हेच डोक्यात होतं. आता असं दिसतंय:

दोन मुलगे. अंगठा धाकट्याच्या कागदावर. त्याला पाटबंधारे खात्यातच नोकरी लागली, कालवा निरीक्षक म्हणून. आजी त्याच्याकडे पुण्याला. नातू धाकट्याचा. थोरल्याशी बोलणं तुटलेलं. आणि मका थोरल्याचा. आजीला हे कुठून तरी कळलंय. "घर दाखव" हे निव्वळ निमित्त, तिला थोरल्याला गाठायचंय. घरी खरं सांगितलं असतं तर कोणी नेलं नसतं. नातवाला यातलं काहीच माहीत नाही, पण ही भेट झाली तर घरी जाऊन बापाला तोंड त्यालाच द्यावं लागणार.

आजच का, याचं उत्तर अजून नाही. थोरला आजारी आहे असं करू? किंवा ती पोचते आणि कळतं की तो वारला?

खडूस_काका
खबरदार कोणाला मारलंत तर. पुढचं सुचत नाही म्हणून पात्र मारणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. मेलेल्या माणसाशी काही बोलावं लागत नाही ना, तेवढंच लेखकाला बरं. थोरला चांगला धडधाकट ठेवा, मोटार सरकवताना चिखलाने माखलेला. त्याच्यासमोर आजीला उभी करा आणि लिहून दाखवा.

आजच का? साधं कारण शोधा. धाकट्याच्या घरी येत्या महिन्यात कार्य असेल. पत्रिका छापून आलीय आणि थोरल्याचं नाव त्यात नाही.

अर्धा_कप
पत्रिकेचं मस्तच. "आमचे येथे श्रीकृपेकरून" च्या खाली कोणाकोणाची नावं यावरून आमच्या घरी दोन पिढ्या धुमसतायत. आजीच्या पिशवीत ती पत्रिका असू दे. वाचकाला मात्र लगेच दाखवू नकोस.

रानजाई
हुरूप आला आणि सुरुवात लिहिली. हाणा:

"सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. ११७ टीएमसी क्षमतेच्या या महाकाय जलाशयाच्या उदरात भीमाकाठची कित्येक गावे कायमची विसावली. यंदा मात्र पावसाने डोळे वटारले होते. पूर्वेला तांबडं फुटत होतं. पारूआजीच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर आठवणींचे असंख्य पदर उलगडत होते..."

खडूस_काका
"उदरात विसावली" आधी काढा. तांबडं फुटायला दुसरीकडे जागा आहे. आठवणींचे पदर तर धुण्याला टाका.

मुद्रितशोधक
काका, जरा दमानं. रानजाई, ही तुमची तयारी आहे. ती करायलाच हवी होती, पण वाचकाच्या पानात वाढायची नव्हती. माझ्याकडे येणाऱ्या नव्या लेखकांच्या कथांत बहुतेक वेळा दुसऱ्या पानाचा मधला भाग ही खरी सुरुवात असते. मागचं सगळं लेखकाने स्वतःला सांगितलेलं असतं. तेही लिहावंच लागतं, मग कापायचं.

टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) म्हणाल तर तिथली माणसं तसं बोलतात का? उजनीचा मृत साठा ६३ टीएमसीच्या घरात आहे. उपयुक्त पाणी संपलं की पुढचा आकडा शून्य टक्क्यांच्या खाली मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तो वजा पन्नासच्याही खाली गेला होता. काठावरचा माणूस एवढंच म्हणेल, "उजनी मायनस पन्नास." बाकीचं धरण वाचक स्वतः उभं करतो.

आणि सुरुवातीपासूनच लिहायला हवं असं कोणी सांगितलंय? तुम्हाला सगळ्यात स्वच्छ काय दिसतंय? मला वाटतं मका. तिथून लिहा. घरातून निघणं, चहा, गाडीतला प्रवास लागला तर मागाहून.

बोरूबहाद्दर
माझं मत, पूर्ण कथा तिकडच्या बोलीत लिहा. मातीचा गंध येईल.

भिगवणकर
गंध येईल, पण ताई तिकडच्या नाहीत ना. प्रत्येक शब्दावर टिंब दिलं म्हणजे आमची बोली होत नाही. टीव्हीवरच्या मालिकेत बोलतात तसं आमच्याकडं कुणीच बोलत नाही. थोडकंच घाला. आजी कमी बोलणारी असली तर अजून बरं.

रानजाई
दुसरा प्रयत्न. मक्यापासून.

नातवाने गाडी जुन्या रस्त्याच्या टोकाला लावली. पुढे डांबर गाळात शिरलं होतं.
"इथून चालत जावं लागेल, आजी."
"व्हय की." ती उतरली नाही.
समोर उतारावर मका कमरेएवढा उभा होता. त्यातून काळे पाइप खाली पाण्याकडे गेले होते. लांबवर मोटारीचा आवाज येत होता.
"कुणाचाय रं ह्यो मका?"
"मला काय माहीत."
"सरी ओली हाय अजून. आत्ताच पाणी दिलंय."
"तू घर बघायला आलीयस ना?"
तिने चपला काढून गाडीतच ठेवल्या, पिशवी घेतली आणि मक्यात शिरली.

अर्धा_कप
वा! "ती उतरली नाही" इथेच मला कळलं की घराचं निमित्त आहे. नातू प्रमाण बोलतो आणि आजी तिचं बोलते, त्यातच पुणं आणि गाव दोन्ही आलं, वेगळं सांगावं लागलं नाही. पिशवीही आली!

खडूस_काका
काढण्यासारखं फार काही सापडलं नाही, याचं वाईट वाटतंय. "तू घर बघायला आलीयस ना?" एवढं तपासा. नातवाला इतक्यात शंका यायला नको. त्याला कंटाळा येऊ द्या, ऊन लागू द्या, फोनला रेंज नसू द्या.

भिगवणकर
बरोबर उतरलंय. फक्त आजीला अनवाणी पाठवू नका. गाळ वरून वाळून भेगाळलेला असतो, खाली ओला, पाय नडगीपर्यंत जातो. आणि त्यात शिंपले असतात, ब्लेडसारखे. जुन्या जाळ्यांचे तुकडे पण. पाय कापतो.

रानजाई
मग कापू दे! ती गाव सोडून गेली तेव्हा तिथे काळी जमीन होती, शिंपले नव्हते. ती त्या जमिनीच्या हिशोबाने चपला काढते.

आता शेवटाचं बोला. मला अजून माहीत नाही की थोरला बोलेल की नाही.

मुद्रितशोधक
माहीत नसलं तरी चालेल. पोचायचं कुठे तेवढं ठरलेलं असलं की झालं. मक्याच्या पलीकडे, मोटारीपाशी, तिघं एका जागी येणार. त्यातल्या कोणाला तरी आधी बोलावं लागणार. कोण, आणि काय, ते तिथे पोचल्यावर लिहा. आत्ता ठरवलंत तर सगळी पात्रं त्या वाक्याकडे मुकाट चालत जातील. फक्त माफी मागायला लावू नका. आणि कोणी कोणाच्या पाया पडू नये, ही माझी वैयक्तिक विनंती. मुद्रितं तपासून डोळे आधीच थकलेत.

आळशी_मांजर
एक शंका. असं खरं घडलेलं कोणाकडून ऐकून लिहिलं आणि त्या घरातल्या लोकांनी वाचलं तर? माझी एक आत्या एका कथेवरून अजून बोलत नाही. कथा माझी नव्हतीच, मी फक्त फॉरवर्ड केली होती.

खडूस_काका
गाव बदला, खातं बदला, दोन मुलगे असतील तर एक मुलगी करा. इतकं बदलल्यावर कथा कोसळली तर समजायचं की आपण कथा लिहीत नव्हतो, बातमी देत होतो. आणि इतकं करूनही आत्या रुसणारच, त्याला इलाज नाही.

बाकी थोरला मुलगा नसून मुलगी असती तर? दाखल्याच्या वेळी तिला कोणी विचारलंच नसेल.

अर्धा_कप
काका!! हे फारच भारी आहे. पण मग मका तिचा कसा?

खडूस_काका
ते मला विचारू नका, रानजाईंना विचारा. आणि रानजाई, तुम्ही इथे उत्तर देऊ नका. मी गंभीरपणे सांगतोय, आता हा धागा वाचणं थांबवा. इथे अजून चार दिवस रंगलो तर कथा प्रतिसादांतच सांगून संपेल आणि लिहिण्याची खाज उरणार नाही. माझ्या निदान दोन कथा अशा कट्ट्यावर चहाबरोबर संपल्या आहेत. रोज रात्री पानभर, वाईट असलं तरी चालेल. मागचं पान दुरुस्त करायचं नाही.

रानजाई
जाते, जाते. मुलगी की मुलगा ते लिहून बघते, दोन्ही.

जाता जाता फक्त कारकूनकाकांना एक विचारायचंय. अंगठ्याचा प्रसंग मागे जाऊन अर्धं पान तरी लिहावा लागेल. तो कुठे घडतो? गावातच, तलाठ्याकडे?

निवृत्त_कारकून
तलाठ्याकडे नाही. दाखला जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मिळतो. गाव इंदापूरकडचं ठेवलंत तर पुणे, करमाळ्याकडचं ठेवलंत तर सोलापूर. पाणी एकच, पण कचेऱ्या दोन, तेवढं आधी पक्कं करा. संमतीचं प्रतिज्ञापत्र मात्र बहुधा तहसील कचेरीच्या आवारात व्हायचं. झाडाखाली टेबल टाकून टायपिस्ट बसलेला असे, त्याच्याकडे मजकूर तयारच. फक्त नावं आणि गट नंबर घालायचे. स्टॅम्पपेपर, तिकीट, शाईचं पॅड, अंगठा, आणि तो पुसायला टायपिस्टकडचीच चिंधी. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. मजकूर आजीला वाचून दाखवला की नाही, ते तुम्ही ठरवा. आमच्याकडे कागद यायचा तेव्हा त्यावर "वाचून दाखविले, समजले व कबूल" असं छापलेलंच असायचं.